पांढरा भाग

उंदराचं हृदय तळहातावर ठेवलं तर आहे की नाही तेही कळत नाही. वजन शंभर-दीडशे मिलिग्रॅम. ते जरा गोठवून घट्ट केलं की पात्याने त्याचे मिलिमीटरभर जाडीचे काप काढता येतात. काप टीटीसी नावाच्या द्रावणात सोडायचे, ३७ अंशांवर दहा-पंधरा मिनिटं ठेवायचे आणि बशीत काढून बघायचे. ज्या पेशी जिवंत असतात त्यांच्यातली काही एन्झाइम्स या द्रावणाला विटकरी लाल करतात. मेलेल्या पेशींत हे काम करणारं काही उरलेलं नसतं, म्हणून तिथे रंग चढत नाही. लाल चकतीच्या एका कडेला पांढरा, किंचित पिवळट डाग राहतो. तोच इन्फार्क्ट, म्हणजे झटक्यात मेलेला भाग.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा तो लाल रंगच बघत बसावंसं वाटलं होतं. आमच्या मॅडम मागून आल्या आणि म्हणाल्या, "लाल काय बघतेस? पांढरं मोज." पुढची साडेतीन वर्षं मी पांढरं मोजलं. कापाचा फोटो काढायचा, संगणकावर त्या पांढऱ्या भागाची कड गिरवायची, टक्केवारी काढायची. अमुक आरएनए दिलेल्या उंदरांत पांढरं किती, न दिलेल्यांत किती. गिरवताना हात आपल्याला हव्या त्या बाजूला झुकतो, म्हणून कुठला काप कुठल्या उंदराचा हे आम्हाला कळू दिलं जात नसे. 'हृदयाचं रक्षण' हा शब्दप्रयोग माझ्या वहीत त्या काळात शेकडो वेळा आला असेल. त्याचा अर्थ एवढाच होता: पांढरं कमी.

मग काही वर्षांनी बाबांना झटका आला.

बाबा मुद्रितशोधक. आधी छापखान्यात, नंतर घरी बसून, चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची पुस्तकं तपासली. पहाटे छातीत जड वाटायला लागलं, जबडा दुखायला लागला. त्यांनी ते अ‍ॅसिडिटीवर ढकललं आणि आईला उठवलंच नाही. चार तास तसेच बसून राहिले. पुढचं नेहमीसारखं: धावपळ, अँजिओग्राफी, डाव्या बाजूची पुढची धमनी पार वरच बंद, स्टेंट. तिसऱ्या दिवशी इको काढताना मी पडद्याशी उभी होते. डाव्या खालच्या कप्प्याची भिंत प्रत्येक ठोक्याला आत येत होती. टोकाकडचा एक भाग मात्र नुसता शेजारच्यांबरोबर ओढला जात होता, स्वतःहून काही करत नव्हता.

"पंपिंग अडतीस टक्के," तंत्रज्ञ म्हणाले.

बाबांनी उशीवरून मान वळवली. "तू ते पांढरं पांढरं म्हणायचीस, ते हेच का?"

मी हो म्हणाले. ते थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मग तुमचे ते आरएनए आता काय करणार आहेत?"

या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देणं किती अवघड आहे हे मला तेव्हा समजलं. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत मला इतका सरळ प्रश्न कुणी विचारला नव्हता.

धमनी बंद झाली की हृदयाचा तो भाग लगेच मरत नाही. काही सेकंदांत त्याचं आकुंचन थांबतं, पण पेशी अजून वाचवता येण्याजोग्या असतात. वीस-तीस मिनिटांनी परतीचा रस्ता बंद व्हायला लागतो. मरण आतल्या थराकडून सुरू होतं आणि तासातासाने बाहेरच्या थराकडे सरकत जातं. राइमर आणि जेनिंग्ज यांनी १९७७ साली कुत्र्यांच्या हृदयात हे पायरीपायरीने दाखवलं. म्हणून डॉक्टर सारखं 'वेळ, वेळ' म्हणत असतात. मोठ्या झटक्यात स्नायूपेशी शंभर कोटींपर्यंत जाऊ शकतात. डाव्या कप्प्यातल्या एकूण स्नायूपेशींचा विचार करता हा फार मोठा वाटा.

आणि गेलेल्या पेशी भरून येत नाहीत. अगदीच येत नाहीत असं नाही. ते कसं मोजलं, ती हकिगत मला फार आवडते. १९५०-६०च्या दशकांत उघड्यावर झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतलं कार्बन-१४ एकदम वाढलं. चाचण्या थांबल्यावर ते हळूहळू उतरलं. जी पेशी ज्या साली जन्मली, त्या सालच्या हवेतलं कार्बन तिच्या डीएनएत कायमचं नोंदलं गेलं. स्वीडनमध्ये यूनास फ्रिसेन यांच्या गटाने २००९ साली हीच नोंद वाचून माणसाच्या हृदयपेशींचं वय काढलं. पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का पेशी नव्या होतात, पंचाहत्तरीत ०.४५ टक्के. सबंध आयुष्यात निम्म्याही पेशी बदलत नाहीत. बॉम्बच्या धुरळ्यातून हे कळावं, याला काय म्हणावं.

मेलेल्या पेशींच्या जागी मग व्रण धरतो. फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी तिथे गोळा होतात, कोलॅजेनचे धागे विणतात आणि आठवड्याभरात भुसभुशीत झालेल्या भिंतीला पुन्हा धरून ठेवण्याजोगं काहीतरी तयार करतात. हा व्रण लोकांना शत्रू वाटतो. माझ्या बाबांचं हृदय त्या पहिल्या आठवड्यात फुटलं नाही ते या व्रणामुळे. पण हेच विणकाम थांबायचं तिथे थांबलं नाही, आजूबाजूच्या धडधाकट भागातही धागे पसरत गेले, तर भिंत ताठर होते, कप्पा फुगत जातो आणि पंपिंग अडतीसवरून खाली घसरायला लागतं. म्हणजे पाहिजेही आणि नकोही, दोन्ही एकाच पंधरवड्यात.

नॉन-कोडिंग आरएनए येतात ते इथे.

मराठीत त्यांना 'असंकेती आरएनए' म्हणता येईल. प्रयोगशाळेत मात्र असं म्हणताना मी कुणाला ऐकलं नाही. शाळेत शिकवतात ते असं की डीएनएवरून आरएनएची प्रत निघते आणि प्रतीवरून प्रथिन तयार होतं. माणसाकडे प्रथिनं बनवणारी सुमारे २०,००० जनुकं आहेत आणि त्यांची प्रथिनाची संहिता तीन अब्ज अक्षरांच्या पोथीत जेमतेम दीड-दोन टक्के जागा व्यापते. बाकीच्याचं काय? १९७२ साली सुसुमु ओनो यांनी 'जंक डीएनए' हा शब्द रूढ केला आणि तो बराच काळ चिकटून राहिला. प्रत्यक्षात त्या उरलेल्या भागातूनही आरएनएच्या प्रती निघत असतात, भरपूर निघतात, फक्त त्यांच्यावरून प्रथिन बनत नाही. त्यांतल्या सगळ्याच कामाच्या आहेत असं मी म्हणणार नाही. हा विषय हातात घेतलेले लोक उत्साहात तसं म्हणून जातात, मीही म्हटलेलं आहे.

हे बाबांना सांगायला मी दवाखान्यातल्या त्या लांबलचक दुपारी सुरुवात केली. डीएनए म्हणजे हस्तलिखित, आरएनए म्हणजे जुळवलेली गॅली, प्रथिन म्हणजे छापलेलं पान. एवढ्यावर त्यांनी मला थांबवलं.

"आणि हे न छापणारे आरएनए म्हणजे समासातल्या खुणा."

मी गप्पच झाले. चार वर्षं शोधत होते ते वाक्य त्यांनी सलाइन लावलेल्या हाताने, हवेत एक काट मारून सांगितलं होतं. मुद्रितशोधकाच्या खुणा पुस्तकात कधीच छापून येत नाहीत. पण हा शब्द गाळा, ही ओळ खाली घ्या, इथे थांबा, हे सगळं त्याच ठरवतात. मायक्रोआरएनए नेमकं हेच करतात. जेमतेम २२ अक्षरांचा तुकडा. प्रथिनाची प्रत तरंगत असते, तिच्या शेपटाकडच्या भागात आपल्याशी जुळणारी सहा-आठ अक्षरं सापडली की हा तिथे जाऊन बसतो. मग ती प्रत छापली जात नाही, किंवा कमी छापली जाते, किंवा फाडून टाकली जाते.

"एकदम खोडत नाही?"

"बहुतेक वेळा नाही. थोडं कमी करतो. पण एकच मायक्रोआरएनए शेकडो प्रतींवर खुणा करत असतो."

"म्हणजे एकच खूण, शेकडो पानांवर." त्यांना ते पटलं. "मग खूण चुकली तर सगळ्या पुस्तकाचा घोटाळा."

या खुणांचा पत्ता लागला तो हृदयात नव्हे, एका मिलिमीटरभर लांबीच्या गोलकृमीत. व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन या दोघांनी १९९३ साली दाखवलं की लिन-४ नावाचं जनुक प्रथिन बनवतच नाही. त्याचा २२ अक्षरांचा आरएनए लिन-१४ या दुसऱ्या जनुकाच्या प्रतीला जाऊन चिकटतो आणि तिला आवरतो. जगाने 'असेल किड्यात काहीतरी' म्हणून ते सोडून दिलं. २००० साली रुव्हकुन यांच्याच प्रयोगशाळेत दुसरा सापडला, लेट-७, आणि तो मात्र माशांत, माश्यांत, माणसांत, सगळीकडे निघाला. मग झुंबड उडाली. दोघांना २०२४ साली नोबेल मिळालं. त्या दिवशी मी बाबांना फोन केला तर ते म्हणाले, "तीस वर्षांनी शुद्धिपत्र निघालं म्हणायचं."

हृदयविकाराच्या लोकांना या कोऱ्या समजल्या जाणाऱ्या जागेची दखल घेणं भाग पडलं ते २००७ साली. हजारो माणसांचा डीएनए तपासून, हृदयविकाराचा झटका आलेल्यांत कुठली अक्षरं जास्त आढळतात हे शोधलं गेलं. सगळ्यांत ठळक खूण मिळाली नवव्या गुणसूत्राच्या एका जागी, आणि तिथे प्रथिन बनवणारं एकही जनुक नव्हतं. त्या जागेवरून जातो तो एक लांबलचक नॉन-कोडिंग आरएनए, अ‍ॅनरिल नावाचा. कोलेस्टेरॉल, रक्तदाब, अशी ओळखीची कुठलीच वाट तिथून जात नव्हती.

आता मिर-२१. मिर म्हणजे मायक्रोआरएनए, पुढचा आकडा त्याचा क्रमांक. माझ्या आयुष्यातली साडेतीन वर्षं यानेच खाल्ली.

जर्मनीतल्या व्यूर्त्सबुर्गच्या थॉमस थुम आणि सहकाऱ्यांनी २००८ साली 'नेचर'मध्ये दाखवलं की ताण पडलेल्या उंदराच्या हृदयात फायब्रोब्लास्ट पेशींमध्ये मिर-२१ वाढतो, तो त्यांच्यातला एक ब्रेक काढून टाकतो, त्या पेशी तगून राहतात आणि धागे विणत सुटतात. मिर-२१ला गप्प करणारा रेणू टोचला तर व्रणाचे धागे कमी झाले, हृदय सुधारलं. म्हणजे मिर-२१ वाईट. पुढच्याच वर्षी उंदरांवरच्या दुसऱ्या एका कामात उलटं आलं: झटक्यानंतर स्नायूपेशींत मिर-२१ वाढवला तर पेशी कमी मरतात, पांढरं कमी. म्हणजे मिर-२१ चांगला. २०१० साली अमेरिकेतल्या एरिक ओल्सन यांच्या गटाने मिर-२१ मुळातच नसलेले उंदीर तयार केले, त्यांच्या हृदयावर ताण दिला, शिवाय साध्या उंदरांत मिर-२१ला दाबणारा रेणूही देऊन पाहिला, तर धागे नेहमीसारखेच आले. म्हणजे मिर-२१ काहीच नाही? जर्मन गटाने उत्तर दिलं की तुमचा दाबणारा रेणू फारच आखूड होता, रसायनच वेगळं होतं. मी प्रयोगशाळेत शिरले तेव्हा ही तिन्ही कामं आमच्या फळ्यावर एकाखाली एक लिहिलेली होती आणि चौथी ओळ आम्ही लिहायची होती.

आरएनए हाताळणं हा एक वेगळाच वैताग. डीएनए बापडा टेबलावर राहिला तरी टिकतो. आरएनएला आपला हात लागला की संपलं, कारण माणसाच्या कातडीवरच आरएनए तोडणारी एन्झाइम्स असतात. हातमोजे घालायचे, नाकाला हात लागला की बदलायचे, सगळं बर्फावर. हृदयाचा तुकडा गुलाबी रंगाच्या, उग्र वासाच्या द्रावणात भरडायचा, थर वेगळे करायचे, वरचं पाणी काढून घ्यायचं, अल्कोहोल घालून फिरवायचं. शेवटी नळीच्या बुडाला आरएनएची गोळी बसते: पारदर्शक, जेलसारखी, प्रकाशात तिरकं धरलं तरच दिसणारी. एकदा मध्यरात्रीनंतर मी अल्कोहोल ओतताना सहा नळ्यांतल्या गोळ्यांसकट सगळं बेसिनमध्ये ओतलं. सहा उंदीर. मॅडम काही बोलल्या नाहीत, त्यांनी फक्त मला घरी पाठवलं. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

त्या सगळ्या वैतागात मला एक चूक फार उशिरा दिसली. मी हृदयाचा तुकडा भरडत होते. तुकड्यात स्नायूपेशी असतात, फायब्रोब्लास्ट असतात, रक्तवाहिन्यांच्या पेशी असतात, धावून आलेल्या पांढऱ्या पेशी असतात. आकारमानाने हृदय म्हणजे बहुतांश स्नायूपेशीच, पण मोजायला गेलं तर त्या जेमतेम तिसरा हिस्सा. मी सगळ्यांना एकत्र भरडून विचारत होते, मिर-२१ वाढला का? वाढला. कुणात? गुलाबी द्रावणाला काय माहीत. तो स्नायूपेशीत वाढला असेल तर एक गोष्ट, फायब्रोब्लास्टमध्ये वाढला असेल तर दुसरी. फळ्यावरच्या ओळी एकमेकींना खोडत आहेत असं वाटायचं, त्याचं निदान अर्धं कारण हे होतं. माझा प्रबंध झाला, छापला गेला. त्यातल्या पाचव्या प्रकरणातल्या आकृत्या मी आज बघते तेव्हा मला तो लगदा दिसतो.

बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी त्यांचा एक अनुभव सांगितला. नवीन असताना त्यांनी एका पुस्तकात 'दिन' चं सगळीकडे 'दीन' केलं होतं. प्रत्येक ठिकाणी. कारण पहिल्या ठिकाणी ते बरोबर होतं.

व्रणावर डोळा ठेवणारे आणखीही आहेत. मिर-२९ हा कोलॅजेनच्या प्रतींवरच बसतो, म्हणजे विणकामावरचा थेट चाप. झटक्यानंतर मेलेल्या भागाच्या शेजारच्या पट्ट्यात तो कमी होतो आणि धागे वाढतात. मिर-९२ए नव्या रक्तवाहिन्या फुटायला आडकाठी करतो. त्याला दाबलं तर उंदरांत झटक्यानंतर रक्तपुरवठा आणि काम दोन्ही सुधारल्याचं २००९ साली दिसलं. मिर-२०८ए तर हृदयस्नायूच्या मुख्य प्रथिनांपैकी एकाच्या जनुकाच्या पोटातच दडलेला असतो, म्हणजे मजकुराच्या मधल्या, छापताना वगळल्या जाणाऱ्या भागात.

लांब आरएनए, म्हणजे २०० अक्षरांच्या वरचे, यांच्याबद्दल मी थोडक्यात आटोपते, कारण उंदरात सापडलेला लांब आरएनए माणसात त्याच रूपात सापडेलच याचा भरवसा नसतो आणि माझा या विषयातला धीर तिथेच सुटला. गोल आरएनए मात्र मोहक आहेत. त्यांची दोन्ही टोकं एकमेकांना जोडलेली असतात, त्यामुळे टोकाकडून कुरतडणाऱ्या एन्झाइम्सना तोंड घालायला जागाच मिळत नाही आणि ते फार काळ टिकतात. २०१३ साली असा एक गोल सापडला ज्याच्यावर मिर-७ला बसायला सत्तरहून अधिक जागा आहेत. मिर-७ तिकडे जाऊन अडकतात आणि इतर प्रतींवरच्या खुणा राहून जातात. स्पंज म्हणतात त्याला. हाच गोल मेंदूत लागतो, तो काढून टाकलेल्या उंदरांची वागणूक बिघडते. उंदराच्या हृदयात तो वाढवला तर मात्र इन्फार्क्ट मोठा होतो. पुन्हा तेच.

पण या सगळ्यात मला रात्री जागं ठेवणारी गोष्ट डुकरांची आहे.

उंदराच्या पिल्लाच्या हृदयाचं टोक जन्मानंतर एका दिवसाच्या आत कापलं तर ते पुन्हा वाढतं. आठवड्याभराच्या पिल्लात वाढत नाही, व्रण धरतो. त्या सात दिवसांत पेशी विभागणं सोडून देतात. ते पुन्हा सुरू करता येईल का, असं विचारून इटलीत त्रिएस्तमध्ये माउरो जाक्का यांच्या गटाने साडेआठशेहून अधिक मायक्रोआरएनए एकेक करून हृदयपेशींवर घालून पाहिले. २०१२ साली त्यांनी त्यातले काही निवडले, मिर-१९९ए त्यांतला एक. उंदरांत त्याने कमाल केली. मग २०१९ साली डुकरांवर, कारण डुकराचं हृदय आकाराने आणि वागण्याने आपल्या जवळचं. झटका दिला, निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर बसवून मिर-१९९ए हृदयात पोचवला. महिन्याभरात व्रण लहान, आकुंचन सुधारलेलं, स्नायू वाढलेला. हृदयाला पुन्हा स्नायू फुटला होता! मी तो निबंध वाचताना इथे थांबून खोलीत एक फेरी मारली होती.

पुढच्या परिच्छेदात बहुतेक डुकरं अचानक मेली. ठोक्याची लय बिघडून. विषाणूवाटे घातलेला आरएनए बनतच राहिला, बनतच राहिला, त्याला थांबवायचं बटण नव्हतं. नव्याने विभागणाऱ्या पेशी अर्धवट घडलेल्या, शेजाऱ्यांशी सूर न जुळलेल्या होत्या. पांढरं कमी झालं होतं. माझ्या जुन्या वहीच्या हिशेबाने ते 'रक्षण' होतं.

त्या संशोधकांनी ही गोष्ट लपवली नाही, निबंधाच्या सारांशातच सांगितली. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे तो यासाठी.

बाबांनी डुकरांचं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग थोडेच दिवस द्यायचं." हेच आता चाललं आहे. विषाणूऐवजी चरबीच्या थेंबात गुंडाळून, काही दिवसांत विरून जाईल असा मायक्रोआरएनए द्यायचा. पण तो हृदयात पोचवायचा कसा, हा डोंगर अजून उभा आहे. शिरेतून दिलेला आरएनए आधी यकृतात जातो. यकृत सगळं खेचून घेतं. म्हणूनच आरएनएची जी औषधं आज मिळतात त्यांतली बरीच यकृतावरची आहेत. कोलेस्टेरॉल उतरवणारं इन्क्लिसिरान वर्षातून दोनदा टोचलं तरी पुरतं, ते यकृतातच एका प्रथिनाची प्रत फाडत बसतं म्हणून. ते हृदयाला वाचवायला बघतं, पण दुरून, झटका येण्याआधी. झटक्यानंतर त्या ओढल्या जाणाऱ्या भिंतीच्या नेमक्या पेशीत पोचायचं असेल तर वेगळी युक्ती लागते. मिर-१३२ला दाबणारं एक औषध निदान माणसापर्यंत आलं: २०२१ साली २८ रुग्णांवरची पहिली चाचणी प्रसिद्ध झाली, ती मुख्यतः सुरक्षिततेची. अठ्ठावीस माणसं. माझ्या प्रबंधात याहून जास्त उंदीर होते.

प्राण्यांत चाललेलं माणसांत चालेलच असं धरून बसण्याची खोड मला दंडाच्या पट्ट्याने घालवली. १९८६ साली कुत्र्यांत असं दिसलं होतं की धमनी आधी चार वेळा पाच-पाच मिनिटं बंद करून सोडली आणि मग चाळीस मिनिटं बंद केली, तर इन्फार्क्ट एक चतुर्थांशच होतो. हृदयाला जणू ताकीद मिळते. पुढे कळलं की ही ताकीद दुरूनही देता येते. रक्तदाबाचा पट्टा दंडावर फुगवून सोडला तरी हृदय सावध होतं, आणि तो निरोप नेणाऱ्यांत रक्तातून फिरणारे मायक्रोआरएनएही असावेत असं उंदरांवरून वाटत होतं. किती सुंदर! फुकट, साधं, रुग्णवाहिकेतही करता येईल असं. २०१९ साली ५४०१ रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला. वर्षभराने बघता काहीही फरक नव्हता.

बाबांना आता सात महिने झाले. मिर-काहीही त्यांना दिलेलं नाही. रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या, एक कोलेस्टेरॉलची, एक ठोके आवरणारी, आणखी दोन हृदयावरचा भार उतरवणाऱ्या. रोज संध्याकाळी चालणं. परवाच्या इकोला पंपिंग चव्वेचाळीस आलं. जी भिंत नुसती ओढली जात होती तिचा कडेचा भाग आता हलतो, म्हणजे तिथल्या पेशी मेल्या नव्हत्या, बधिर होऊन बसल्या होत्या. टोकाचा भाग मात्र तसाच आहे. तो पातळ, चमकदार दिसतो. त्याच्या आतल्या पेशींमध्ये या क्षणी कुठला आरएनए कुठल्या प्रतीवर बसला आहे, कोण कुणाला थांब म्हणतंय, हे मला पडद्यावरून दिसत नाही, पण मी बघते मात्र तसंच.

हा लेख लिहून झाल्यावर मी छापून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा बदलला, पेन्सिलीला टोक काढलं. दोन तास लागले. ऱ्हस्व-दीर्घाच्या अकरा चुका, एके ठिकाणी विरामचिन्ह, 'बापडा' हा शब्द ठेवायचा का अशी शंका. शेवटच्या पानावर मी तेव्हा एक वाक्य लिहिलं होतं: 'मिर-२१ हा हृदयाचा रक्षक आहे असं माझं आजही मत आहे.' ते त्यांनी खोडलं नव्हतं. 'रक्षक' या शब्दाखाली बारीक रेघ ओढून समासात लिहिलं होतं:

"कुठल्या पेशीत? किती दिवस? लेखिकेला विचारणे."